माळ्यावरचा डबा

निंटेंडोचा फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला. आपल्या घरांत नव्वदच्या दशकात पोचली ती बहुधा त्याची नक्कल. पिवळ्या कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा, आत तेच मोजके खेळ फिरून फिरून! आज संग्राहक अशा नकलांचेही दुर्मिळ प्रकार शोधतात. खोका शाबूत असला की भाव चढतो. नकलेला मोल कसले, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. खटकते ते निराळेच. लोणावळ्यात माळा आवरणाऱ्या बाईला त्या डब्याची किंमत ठाऊक नसते, घेणाऱ्याला असते. माहिती कष्टाने मिळवली, तिचा मोबदला घ्यावा, हे मान्य. पण तिने "भाऊ, याचं खरं काय येईल?" असे विचारल्यावरही गप्प राहणे आम्ही फसवणुकीतच धरतो.