एकट्या वैद्याचे सोबती

वैद्यकव्यवसायाच्या संघटनेचा विषय निघाला की प्रथम प्रतिष्ठा आणि हक्क यांचाच विचार मनात येतो, आणि प्रारंभीचा इतिहासही त्यास दुजोरा देतो. सरकारी वैद्यकखात्यावर गोऱ्या अधिकाऱ्यांचे वर्चस्व असताना १८८३ साली मुंबईत ‘बॉम्बे मेडिकल युनियन’ स्थापन झाली. राजाश्रय गमावलेल्या आयुर्वेदास पुन्हा उभे करावे या हेतूने शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशकास वैद्यसंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली. १९२८ च्या कलकत्ता अधिवेशनातून इंडियन मेडिकल असोसिएशन जन्मास आली. या सर्वांना सनद हवी होती आणि ती मागण्यात गैर काहीच नव्हते, कारण सरकारदप्तरी ज्याची नोंद नाही त्याचा दाखला कोणत्याही कचेरीत चालत नसे. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ साली झाला. वैद्यांना मात्र १९३८ पर्यंत वाट पाहावी लागली. या नोंदवहीने रोग्याचे रक्षण केले हे खरे, पण तिच्या आतील मंडळींचे हित म्हणजेच रोग्याचे हित, असा एक समजही तिच्या आश्रयाने रूढ झाला, आणि तो मला घातक वाटतो.

गडचांदूरला येऊन पाहिले म्हणजे संघटनेचे दुसरे प्रयोजन ध्यानात येते. राजुऱ्याचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता, चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात तो १९५९ साली आला, आणि पुढे चुनखडीच्या आधाराने येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. येथील डॉक्टरासमोर धापेने बेजार झालेला कामगार, सिकलसेलच्या वेदनेने तळमळणारे गोंड मूल आणि पावसाळी तापाचा रोगी एकापाठोपाठ येतात. सल्ला विचारावा असा तज्ज्ञ बहुधा चंद्रपुरास, नाही तर थेट नागपुरास. एकटेपणाचा खरा धोका असा की माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याचा निर्णय कोणी तपासत नाही. रोगीच सलाईनचा आग्रह धरतो, डॉक्टर ती लावतो, आणि काही वर्षांत तीच चिकित्सेची रीत होऊन बसते. अशा माणसास अभिनंदन करणाऱ्या सभेपेक्षा ‘हे तुम्ही का केले?’ असे स्नेहाने विचारणारे सोबती अधिक हवेत.

१९७४ मध्ये, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाच्या काळात, सर्वोदयी विचाराच्या तरुणांनी ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ स्थापिले ते याच जाणिवेने. मानधन वा दर्जा मागण्यासाठी हे मंडळ निघाले नव्हते. अनावश्यक औषधे, स्त्रियांचे आरोग्य, भोपाळच्या वायुपीडितांची उपेक्षा, अशा विषयांवर आपल्याच वैद्यकाची चिकित्सा त्याने आरंभिली, आणि डॉक्टर नसलेल्यांनाही त्यात समान आसन दिले. आरंभीच्या त्या मंडळींत अभय बंग होते. पुढे गडचिरोलीत राणी बंग यांच्यासह त्यांनी ‘सर्च’ संस्थेतर्फे १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतील स्त्रियांना नवजात अर्भकाची शुश्रूषा शिकविली, आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजातमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा व्यवसायाचे कुंपण कोठवर असावे हा प्रश्न नव्यानेच उभा राहिला.

ते कुंपण अजून हटलेले नाही. २००५ नंतर आरोग्यकामासाठी गावोगाव नेमलेल्या आशाताईंना सरकार आजही स्वयंसेविकाच मानते आणि कामागणिक मोबदला देते. वेतनासाठी त्यांच्या संघटना मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत गेल्या. त्यांची मागणी मला १८८३ च्या डॉक्टरांइतकीच न्याय्य वाटते. परंतु ज्ञानाच्या सभेत त्यांना अजून जागा नाही. डॉक्टरांची व्याख्याने शहरात होतात, आणि आशांची मासिक सभा बहुतांशी अहवाल व रकाने भरण्यात सरते. गडचांदूरच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर, वैद्य, परिचारिका आणि आशा यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून परिसरातील एखाद्या मृत्यूची कारणे शोधावीत, आणि आशाताईंना प्रथम बोलू द्यावे. आजारपणाच्या पहिल्या दिवशी त्या घरात काय घडले, पैसे होते की नाही, गाडी का मिळाली नाही, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते.