संपादकाचा अधिकार

दुसऱ्याच्या कृतीवर संपादकाचा अधिकार कोठपर्यंत चालावा? हा प्रश्न वरवर पाहतां व्यवहाराचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. अमेरिकन विज्ञानकथेचे ख्यातनाम संपादक जॉन कॅम्पबेल (१९१०–१९७१) यांच्या कारकीर्दीवरून त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कॅम्पबेल हे आरंभीं स्वतः कथालेखक होते. 'डॉन ए. स्टुअर्ट' या टोपणनांवानें लिहिलेली त्यांची 'हू गोज देअर?' ही दीर्घकथा १९३८ सालीं प्रसिद्ध झाली. अंटार्क्टिकाच्या बर्फांत सांपडलेला परग्रहावरील जीव हव्या त्या माणसाचें रूप घेतो, आणि शेजारचा सोबती खरा कीं खोटा हेंच कोणास उमगेनासें होतें, असें तिचें कथानक. परंतु १९३७ सालीं 'अस्टाउंडिंग' मासिकाचें संपादकत्व त्यांच्याकडे आलें, तें मरेपर्यंत राहिलें. त्यांचें स्वतःचें कथालेखन मागें पडलें. त्यांच्या कल्पना इतरांच्या लेखणींतून उतरूं लागल्या.

तारे हजार वर्षांतून एकाच रात्रीं दिसले तर माणसांचें काय होईल, हा प्रश्न त्यांनींच तरुण आयझॅक असिमोव्ह यांच्यापुढें ठेविला, आणि त्यांतून 'नाइटफॉल' (१९४१) ही कथा जन्मली. येथपर्यंत तें निर्मळ दान होय. पण शेवटाजवळ त्यांनीं लेखकास न विचारतां स्वतःचा एक परिच्छेद घातला. असिमोव्ह यांना तो रुचला नाहीं. आमच्या मतें रास्तच! बीं देणाऱ्यानें दुसऱ्याच्या शेतांत परस्पर पेरणी करूं नये.

टॉम गॉडविन यांच्या 'द कोल्ड इक्वेशन्स' (१९५४) या कथेंत मोजक्या इंधनाच्या यानांत एक निरपराध मुलगी लपून येते. तिला वांचविण्याच्या युक्त्या लेखक काढी, आणि कॅम्पबेल कथा पुनःपुन्हा परत धाडीत. अखेर मुलगी मेली. हा आग्रह कठोर खरा, तथापि वाचकाच्या धैर्यावर विश्वास ठेवणारा होता. उलट, सॅम्युअल डिलेनी यांची 'नोव्हा' कादंबरी त्यांनीं नाकारली. कारण, डिलेनी सांगतात त्याप्रमाणें, काळ्या नायकाशीं आपला वाचक समरस होणार नाहीं, हें!

निष्पाप मुलीचें मरण जो वाचक सोसतो, त्याला काळ्या माणसाचें नायकत्व सोसवणार नाहीं काय? येथें संपादकानें आपलीच मर्यादा वाचकाच्या नांवावर मांडली, असें आम्हांस वाटतें.

नवोदित लेखकांच्या एका पारितोषिकास कॅम्पबेल यांचें नांव होतें. २०१९ सालीं तें काढण्यांत आलें. कांहींना ही कृतघ्नता वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांचें ऋण इतिहासांत मोकळेपणानें नमूद असावें. पण नव्या लेखकाच्या हातीं द्यावयाचें नांव, त्याच्या रंगाकडे न पाहतां दार उघडणाऱ्याचेंच असावें. संपादकानें लेखकाला कितीही प्रश्न विचारावेत. उत्तर मात्र लेखकाचें राहूं द्यावें, आणि वाचकाचें मत वाचकालाच देऊं द्यावें.