सांधेदुखी आणि भांगेचें औषध

अंबरनाथ व बदलापूर येथील कित्येक वृद्ध गुडघ्यांच्या दुखण्यानें रात्रभर तळमळतात. भांगेच्या पानांचें औषध घेतल्यास पाप लागेल काय, असें त्यांपैकीं कोणी आम्हांस विचारितात.

ही गोष्ट नवी नव्हे. १८३९ च्या सुमारास डॉक्टर ओशॉनेसी यांनीं कलकत्त्यांत संधिवाताच्या रोग्यांवर याच वनस्पतीचा प्रयोग केला होता. अमेरिकेच्या कित्येक संस्थानांत अशा रोग्यास दाखला मिळतो. आपल्याकडे तसा दाखला नाहीं. १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस यांस बंदी आहे. नुसत्या पानांवर राज्यांचे निर्बंध असतात. मात्र पानांपासून केलेलें 'विजया' नांवाचें आयुर्वेदीय औषध वैद्याच्या देखरेखीखालीं घेतां येतें. सांधेदुखीवर त्याचा गुण किती, याविषयीं पुरावा अद्याप तोकडा आहे. म्हणून चालू औषधें आपल्या मनानें सोडूं नयेत.

आतां पापाचा प्रश्न. पौलानें तीमथ्याला पोटाच्या विकारासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें, मेजवानीसाठीं नव्हे. पदार्थ तोच, पण हेतु व माप यांनीं भेद पडतो. वेदना सोसणें हें आपोआप पुण्य होत नाहीं; तसेंच वेदना ही वैद्याशीं खोटें बोलण्याची सबबही नव्हे.

तेव्हां घेणाऱ्यानें स्वतःस दोन प्रश्न विचारावे. दुखणें उतरल्यावर बाटली बाजूस ठेवितां येते काय? आणि ती घरच्यांपासून लपवावी लागते काय? उत्तरें निर्मळ असतील, तर शेजाऱ्यांनींही त्या म्हाताऱ्यास नांवें ठेवूं नयेत. त्याच्या हातची पाण्याची घागर उचलून घ्यावी.