सत्यप्रत

खरं आणि खोटं यांतला फरक ओळखण्याचा पगार घेणारी माणसं जगात मुख्यतः दोनच. एक न्यायाधीश आणि दुसरा बँकेतला क्लार्क. न्यायाधीशाला त्यासाठी तारखांमागून तारखा मिळतात; आम्हाला काउंटरसमोर रांग मिळते. सही ताडायची, नोट उजेडाकडे धरायची, झेरॉक्सवर ‘मूळ प्रतीवरून पडताळले’ असा शिक्का हाणायचा आणि पुढच्या माणसाकडे बघायचं. वीस-बावीस वर्षं हे केलं, की सवय अंगात मुरते. आमच्याकडे पाहुणे आले आणि ‘वा, छान दिसताय!’ म्हणाले, की मी ते वाक्यसुद्धा आधी उजेडाकडे धरतो.

अशा माणसाला 2019 च्या मे महिन्यात चीन पाहायला मिळाला. भाचीच्या कॉलेजच्या इतिहास विभागाची बावीस मुलं आणि एक मॅडम असा चमू ‘सांस्कृतिक अभ्यास सहली’ला निघाला होता. हिशेब ठेवायला एक विश्वासू माणूस हवा होता. भाचीने मामाचं नाव सुचवलं. विश्वासू माणसाने तिकीट स्वतःच्या पैशांनी काढायचं असतं, हे मला नंतर कळवण्यात आलं.

मुलांत एक चष्मेवाला होता. हुशार आणि म्हणूनच त्रासदायक. गाईडबाईंचं वर्णन संपलं, की याचा हात वर : ‘‘इज इट ओरिजिनल?’’

बीजिंगच्या राजवाड्यात, म्हणजे ‘फॉरबिडन सिटी’त, पहिली ठिणगी पडली. राजवाडा 1420 साली पुरा झाला हे तो पाठ करून आला होता. गाईडबाई प्रामाणिक होत्या. मुख्य दरबार पुढच्याच वर्षी वीज पडून जळाला, म्हणाल्या. मग बांधला, पुन्हा जळाला, पुन्हा बांधला. आज उभा आहे तो 1695 ते 1697 या काळातला. म्हणजे आपले राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते, तेव्हा इकडे सुतारकाम चाललं होतं. मला तेवढं जुनं पुष्कळ वाटलं. चष्मेवाल्याचा चेहरा मात्र चेक परत आलेल्या खातेदारासारखा झाला. सहाशे वर्षांच्या ठेवीतून एकदम पावणेतीनशे कापली गेली होती.

बादालिंगला भिंत पाहिली. ती मिंग काळातली, पण डागडुजी करून 1957 साली लोकांना खुली केलेली. 1972 मध्ये निक्सनसाहेब फिरले ते याच तुकड्यावर. पायऱ्या ठणठणीत. ‘‘मला खरी, पडकी भिंत बघायचीय,’’ चष्मेवाला म्हणाला. पडकं म्हणजे खरं, हा एक आपल्याकडचा समज आहे. त्या हिशेबाने आमच्या चाळीचा जिना म्हणजे जागतिक वारसाच. (चंद्रावरून भिंत दिसते असं आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं. 2003 साली चीनचाच पहिला अंतराळवीर वर जाऊन आला आणि मला काही भिंत दिसली नाही म्हणाला. तो चंद्राच्या कितीतरी अलीकडे होता.)

खरा स्फोट वुहानला झाला. तिथे यांगत्सेच्या काठी ‘पिवळ्या क्रौंचाचा मनोरा’ आहे. परंपरा सांगते की पहिला मनोरा इसवी सन 223 चा. तांग काळात ली पायसारख्या कवींनी त्याला कवितेत घातलं, त्यामुळे चीनच्या पोराटोरांना तो ठाऊक. आम्ही गेलो, तर आत काँक्रीट आणि लिफ्ट! गाईडबाईंनी सरळ सांगून टाकलं : जुना मनोरा 1884 साली जळाला, त्याची जागा 1957 मध्ये पुलाखाली गेली आणि हा सुमारे किलोमीटरभर अलीकडे 1985 साली बांधला.

‘‘म्हणजे हा माझ्या बाबांपेक्षा लहान आहे!’’ भाची ओरडली. ‘‘मॅडम, ही शुद्ध फसवणूक आहे.’’

गाईडबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आम्हाला वेगवेगळ्या राजवटींतल्या मनोऱ्यांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत त्या मजल्यावर नेलं. तांगांचा वेगळा, सुंगांचा वेगळा, मिंगांचा वेगळा. एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. ‘‘यातला ओरिजिनल कुठला?’’ असं आता त्याच विचारू लागल्या. वरच्या सज्ज्यात एक आजोबा नातवाकडून कविता म्हणवून घेत होते. पोरगं एका ओळीवर अडखळत होतं आणि आजोबा काँक्रीटच्या कठड्यावर बोटांनी ताल धरून त्याला पुढचा शब्द देत होते.

मला आमचे एक पेन्शनर आठवले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात. एका वर्षी त्यांची सही जुळेना. कार्डावर 1984 सालची, लफ्फेदार. समोर कंप पावणारी, मुंगीने शाईत पाय बुडवून चालल्यासारखी. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो, त्यांच्या मुलाच्या लग्नात जेवलोय. तरी नियम नियमच, म्हणून म्हटलं, ‘‘काका, सही मूळ सहीशी जुळत नाही.’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘मग तो मूळचा मी केव्हा गेलो, तेवढं लिहून द्या.’’ मी अंगठा घेतला आणि नव्या सहीचं कार्ड केलं.

नवं असणं हा गुन्हा नाही, तर मग गुन्हा सुरू कुठे होतो? बाजारात चष्मेवाल्याला एकाने छिंग काळातलं नाणं तीस युआनला देऊ केलं. त्याच्या टोपलीत तसली दोनशे होती, सगळी सारखीच झिजलेली. ती फसवणूक. मनोरा तसं करत नाही. तो आपलं वय 1985 सांगतो. आमच्या भाषेत, ती सत्यप्रत आहे आणि तिच्यावर तसा शिक्का आहे.

पण सगळीकडे माझा शिक्का उठत नाही. बीजिंगला छिएनमन नावाचा रस्ता पाहिला होता. जुनी वस्ती पाडून, जुन्याच धर्तीची घरं नवी बांधून 2008 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर तो खुला केला. कंदील आहेत, कमानी आहेत, खिडक्यांची जाळी आहे. खाली ब्रँडची दुकानं आहेत. घरांची सत्यप्रत झकास निघाली आहे. तिथे वाळत घातलेले कपडे, दारात बसणाऱ्या म्हाताऱ्या, उधारीवर मीठ देणारा वाणी यांची प्रत काढायचं यंत्र कुणाकडे नव्हतं. मनोऱ्यात मुळात कुणी राहत नव्हतं. तिथे आजोबा नातवाला घेऊन परत येऊ शकतात. इथे परत यायचं तर भाडं परवडायला हवं.

पुढे शीआनच्या गाडीत एक प्रकार घडला. कुणाच्यातरी बॅगेत खोबरेल तेलाची बाटली फुटली आणि शेजारी ठेवलेल्या माझ्या बीजिंगच्या पावत्या तेलात न्हाल्या. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं बघता बघता उडाली. भाचीने रोज रात्री त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते म्हणून निभावलं. तसं कॉलेजच्या ऑफिसला कळवलं, तर उत्तर आलं : ‘फक्त मूळ पावत्या जोडाव्यात.’ मूळ पावत्या शाबूत होत्या. फक्त कोऱ्या होत्या.

शीआनला मातीचे सैनिक पाहिले. 1974 साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले. चष्मेवाला खूश : हे तरी ओरिजिनल! मग कळलं की जवळजवळ सगळे तुकड्यांत सापडले आणि जोडून उभे केलेत. शिवाय अंगावर रंग होते, ते हवा लागताच काही मिनिटांत सुटून पडले. म्हणजे माती खरी पण रूप गेलेलं. तो बराच वेळ गप्प होता.

शेवटी मोठ्या हंसाचा पॅगोडा. ह्युएन त्संग 629 मध्ये चीनहून निघाला, 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतला. ते ठेवायला 652 साली हा बांधला, तो ढासळला, पुढे 704 च्या सुमारास पुन्हा उभारला. पुलकेशी दुसऱ्याच्या काळात ही स्वारी महाराष्ट्रातही येऊन गेली. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान तर मुळीच विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. ही प्रत पडताळायला मला शिक्का लागला नाही. आमची सोसायटीची वार्षिक सभा पुरते.

मॅडमनी मुलांना सांगितलं, की भारतातून चीनला गेलेल्या ग्रंथांपैकी कित्येकांचं संस्कृत मूळ आपल्याकडे नष्ट झालं. आज ते कळतात ते चिनी भाषांतरांतून.

चष्मेवाला माझ्याजवळ सरकला. ‘‘काका, मूळ प्रतच नसेल, तर सत्यप्रतीवर सही कोण करतं?’’

आमच्या सर्क्युलरमध्ये याला उत्तर नाही. तरी काहीतरी बोलायला मी घसा साफ केला. इतक्यात गाईडबाईंनी झेंडा वर केला आणि बसच्या पार्किंगचे पैसे द्यायला मला पुढे जावं लागलं. पावती घेतली. लगेच भाचीच्या हातात दिली, फोटो काढायला.