टेबल कोण ढकलतं?



आजच्या वाचनात गीतेचा तेरावा अध्याय आहे. ज्ञान कशाला म्हणायचं, याची भगवंतांनी इथे यादीच दिली आहे. गंमत म्हणजे त्या यादीची सुरुवात होते अमानित्वाने, म्हणजे मोठेपणाचा सोस नसण्याने. मग दंभ नसणं, अहिंसा, क्षमा आणि आर्जव, म्हणजे सरळपणा. माउलींनी तर एकेका शब्दावर थांबून थांबून लिहिलंय.

पुण्यात संशोधन करणारा माझा भाचा मागच्या दिवाळीला यवतमाळला आला होता. म्हणाला, "मामा, लॅबमध्ये मी प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागतो आणि घरी आलो की आरतीत टाळ्या वाजवतो. हे ढोंग नाही का?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

आज ही यादी वाचताना मायकेल फॅरेडे आठवला. १७९१ साली लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी जन्म. घर सँडेमनियन नावाच्या छोट्याशा ख्रिस्ती पंथाचं, राहणी साधी, श्रद्धा कडक. ती त्याने जन्मभर सोडली नाही. १८३१ मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं. आपल्या घरातली बहुतेक वीज आजही त्याच तत्त्वावर तयार होते. पुढे रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद समोर आलं, तेही त्याने नाकारलं. अमानित्व आणखी काय असतं?

१८५३ मध्ये तिकडे नवीन वेड आलं होतं. लोक टेबलावर हात ठेवून बसायचे, टेबल फिरायचं आणि म्हणायचे, आत्मे फिरवतात. देवभोळ्या फॅरेडेने मान डोलावली नाही. त्याने हाताखाली पुठ्ठ्याचे थर आणि एक दर्शक काटा लावला. कळलं काय, तर हातच टेबल ढकलत होते. बसलेले लोक खोटारडे नव्हते, त्यांना स्वतःलाच ते कळत नव्हतं. काटा समोर दिसू लागला आणि टेबल थांबलं!

आपल्याकडे जयंत नारळीकरांचं उदाहरण घ्या. आई संस्कृतच्या विदुषी, बालपण काशीत. श्रद्धेच्या बाबतीत त्यांची वाट फॅरेडेपेक्षा वेगळी, पण सरळपणा तोच. २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ज्योतिषांना विचारलं. २७ जणांची उत्तरं आली आणि त्यातली साधारण ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. त्यांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, फक्त तपासून पाहिलं.

आता माझं सांगतो. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा मीही हात जोडून म्हणालो होतो, "ज्याचं त्याचं नशीब." नशीब कसलं? ते जहाल औषध होतं, उघडं तोंड होतं, उघडे हात होते. टेबल माणसं ढकलत होती आणि मी देवाचं नाव घेत होतो. ती माझी भक्ती नव्हती, आळस होता.

म्हणून भाच्याला आज फोन करून सांगणार आहे: बाबा रे, आरतीत टाळ्या खुशाल वाजव. मन मानत नसेल तर नको वाजवू, देव रुसणार नाही. पण घरात जे शिकलास ते लॅबच्या दाराशी चपलेसारखं काढून ठेवू नकोस. हवं ते उत्तर आलं नाही, तरी वहीत आलं तसंच लिही. तेच आर्जव.

आजचा प्रश्न स्वतःसाठी: "देवाची इच्छा" असं मी शेवटचं कधी म्हणालो, आणि तेव्हा टेबलावर हात कुणाचा होता?

राम कृष्ण हरी.