खोट्या आळाला ख्रिस्ती मनुष्याचें उत्तर

प्रभूच्या नांवासाठीं ज्यांचा छळ होतो व ज्यांजवर लोक लबाडीनें नाना प्रकारचे आळ घेतात, त्यांस प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत धन्य म्हटलें आहे. परंतु तो आळ लबाडीचा असावा, ही अट आपण पुष्कळदां विसरतों. आपलें जनावर शेजाऱ्याच्या पिकांत शिरलें व त्यानें चार शब्द सुनावले, तर तो छळ नव्हे. तें आपल्याच चुकीचें फळ होय. पेत्रानेंही हा भेद मंडळ्यांस सांगितला आहे. म्हणून आळ आला कीं पहिल्यानें देवासमोर आपणांसच विचारावें : यांत कांहीं खरें आहे काय?

कांहींच खरें नसेल तर काय करावें? ज्यांच्या हातून जालन्याजवळ बेथेल वसलें, त्या नारायण शेषाद्रि यांचें चरित्र येथें आठवतें. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ सालीं मुंबईस झाला. धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे येऊन राहिला. तेव्हां बापानें न्यायालयांत धांव घेतली, व मिशनरी मुलें फूस लावून नेतात असा बोभाटा झाला. श्रीपताची इच्छा मिशनऱ्यांकडेच राहण्याची होती. परंतु तो अज्ञान, म्हणून न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनीं त्यास बापाच्या स्वाधीन केलें. पुढें त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावरून ब्राह्मणमंडळींतच वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला.

फूस लावल्याचा आळ खोटा होता; पण बापाचें दुःख खोटें नव्हतें. एक पुत्र गेला, दुसराही जाण्याच्या बेतांत. त्या घरांत केवढा आकांत झाला असेल! आपल्यावर आळ घेणारा पुष्कळदां वैरी नसतो, दुखावलेला मनुष्य असतो. हें ज्यास दिसतें त्यालाच त्याच्यासाठीं मनापासून प्रार्थना करितां येते.

मग उगेच बसावें काय? तसेंही नाहीं. प्रभु हेरोदापुढें निरुत्तर राहिला, पण पौलानें कैसराजवळ दाद मागितली. खरें तें शांतपणें सांगावें, साक्षीदार द्यावे. मात्र निकाल उलट गेला तरी खोट्याचा आश्रय करूं नये, कीं सूड मनांत धरूं नये.

भाऊ गेला म्हणून नारायणरावांनीं सेवा टाकली नाहीं. पुढें ते जालन्यास आले. तो मुलूख तेव्हां निजामाचा होता. बेथेल येथें त्यांनीं मुख्यत्वें मांग व महार बांधवांची मंडळी वसविली. गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय मांगवाड्यावर जावा, असा तो काळ. आळ म्हणजे काय हें जे जन्मापासून जाणत होते, त्यांच्यांतच ते राहिले. आळाला हेंच उत्तर आम्हांस खरें वाटतें : शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षें केलेली सेवा.

तर प्रिय बंधुभगिनींनो, ज्यानें आपल्यावर आळ घेतला त्याच्या घरीं दुखणें आलें, तर तेथें पहिल्यानें आपण जावें. सत्य देवास ठाऊक आहे. तें उघड करण्याची वेळही त्याच्याच हातीं आहे. तोंवर धीर धरण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो.