लोकप्रियता, वय आणि अनित्यता

पॉप गायकांची लोकप्रियता हा त्यांच्या गाण्यांचा गुण आहे की ऐकणाऱ्यांच्या वयाचा परिणाम, हा सौंदर्यविचारातला मूलभूत प्रश्न आहे. उदाहरणार्थ, स्वीडनचा ‘अ‍ॅबा’ हा चमू १९७४ मध्ये युरोव्हिजन स्पर्धा जिंकून जगभर पोहोचला आणि १९८२ च्या अखेरीस थांबला. १९९२ मध्ये ‘अ‍ॅबा गोल्ड’ हा जुन्या गाण्यांचा संग्रह आला, तेव्हा पूर्वीचे किशोरवयीन चाहते कमावते झाले होते. या संग्रहाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. ‘मामा मिया!’ हे १९९९ चे संगीत नाटक आणि २००८ चा चित्रपट यांमुळे तीच गाणी पुढच्या पिढीकडे गेली.

वयाचा हा प्रश्न जुनाच आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीविषयक निबंधात वयानुसार आवड बदलते हे मान्य केले: रोमन लेखकांपैकी विशीत ओव्हिड, चाळिशीत होरेस, पन्नाशीत टॅसिटस. हा भेद त्याने दोष मानला नाही. मात्र देशकाल ओलांडून टिकणारी प्रशंसा ही श्रेष्ठतेची खूण मानली.

बौद्ध विचारात कीर्ती आणि अपकीर्ती हे आठ लोकधर्मांपैकी, म्हणजे सर्वांच्या वाट्याला येणाऱ्या अवस्थांपैकी, दोन. कारणे जुळली की ते येतात, विखुरली की जातात. तारुण्य, हाती असलेला पैसा, स्मरणरंजन ही खपाची अशीच कारणे आहेत.

दोन्ही विचार परस्परपूरक आहेत. खप परिस्थितीवर अवलंबून असतो, म्हणून तो अनित्य. गाण्याचे मोल मात्र, त्या काळाची कोणतीही आठवण नसलेला श्रोता त्यात रमतो की नाही, यावरून ठरते.